राखणीची भाकर

गाडी पांढरी घेतली ही पहिली चूक आणि वडाखाली लावली ही दुसरी. दुसरीला इलाज नव्हता. धारूरला आमच्या गल्लीत घरं आधी झाली आणि रस्ता उरलेल्या जागेतून गेला. गाडी लावायला ठिकाण एकच, कोपऱ्यावरचा वड. तो तोडायचं नाव काढायची सोय नाही. वटपौर्णिमेला गल्लीतल्या सगळ्या बायका त्याला दोरा गुंडाळतात, मीही गुंडाळते. ज्याच्याकडं सात जन्मांचा नवरा मागायचा त्याच्यावर कुऱ्हाड कुणी चालवायची?

एरवी त्या झाडावर चार कावळे आणि थोडे पारवे असतात. त्यांचं काही नाही, ओल्या फडक्यानं पुसलं की निघतं. पण दिवाळी सरली की भोरड्या येतात. भोरडी म्हणजे ज्वारीवर पडणारं पाखरू. अंग गुलाबीसर, डोकं आणि पंख काळे. दिवसभर शिवारात ज्वारी खायची आणि दिवस मावळायला मुक्कामाला गावातल्या मोठ्या झाडावर यायचं. येतात त्या थव्यानं. आभाळात दोन-चार गिरक्या घेतात आणि वडात शिरतात, मग तासभर एवढा कलकलाट की टीव्हीतला माणूस नुसता तोंड हलवताना दिसतो. सकाळी त्या निघून जातात आणि माझी गाडी मागं राहते. वडाची फळं खाऊन टाकलेला लालसर-जांभळा सडा, त्यात बारीक बिया. वाळला की नखानं खरवडावा लागतो, आणि राहिला तर रंग खातो.

आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. बायका हंडे जपून वापरतात आणि मी बादली गाडीच्या टपावर ओतते. बघणाऱ्या बघायच्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पण गाडीशिवाय चालत नव्हतं. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, शाळा घाटाखालच्या खेड्यात, आणि तिकडं जाणारी एसटी आली तर आली.

उपाय करून झाले होते. जुन्या सीड्या दोऱ्याला बांधून फांदीला लटकवल्या, लाल रिबिनी लावल्या. आमच्या ह्यांनी जत्रेतून रबराचा साप आणून टपावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या सापावरही शिटलेलं होतं. हे हसले. मी हसले नाही. मी मुळात तापट. शाळेत पोरं पाठीमागं मला लवंगी म्हणतात, ते मला माहीत आहे.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि आई गेली. झोपेतच गेली. मला रडू आलं नाही. दहाव्याला बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, एक मावशी तर गळ्यात पडून हलवत होती, की आता तरी लेक रडंल. मी पाहुण्यांच्या चहाचं बघितलं, पत्रावळी कमी पडतील म्हणून माणूस पाठवला, संध्याकाळी सतरंज्या झटकून घड्या घातल्या. दाढ काढताना डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. शाळेत जायचे, शिकवायचे, घरी येऊन भाकरी थापायचे. तव्याचा चटका बसला तर हात मागं घ्यायला उशीर व्हायचा. राग तेवढा शाबूत राहिला होता, आणि तो सकाळी सकाळी पाखरांवर निघायचा.

आई गेल्यावर माझे वडील, आबा, गावी एकटे राहिले. मी एकुलती. आमचं गाव बालाघाटाच्या उतरणीला. दिवाळी झाली की निम्मं गाव उसाच्या तोडीला जातं. मागं उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं. एक दिवस आमचं शेत वाट्यानं करणाऱ्या बटईदाराचा फोन आला. "बाई, आबा कालपासून दार उघडंनात." मी शाळेतूनच निघाले. कडी आतून लावलेली नव्हती, दार नुसतं अडकलं होतं. आबा खाटेवर पडलेले, उशाशी रिकामा तांब्या, चुलीत कधीची गार राख. ताप होता. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "आजार काही नाही. पोटात अन्न नाही. ह्यांना एकटं ठेवू नका. पुढच्या खेपेला तुम्हाला उशीर होईल."

मी आबांना गाडीत घातलं आणि घरी आणलं. खरा पेच तिथून पुढं होता.

आमच्या घराण्यात लेकीच्या घरी जेवत नाहीत. लेकीला मुलगा झाला, नातवाचं तोंड बघितलं की मग चालतं. मला मुलगी. ती आता पुण्यात शिकते, आणि आजोबांची ही रीत ऐकली की तिचं डोकं फिरतं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली. आबा आले की फडक्यात बांधलेली भाकर घेऊन यायचे, बाहेर पायरीवर बसून ती खायचे, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं प्यायचे. मी भांडायचे. म्हणायचे, आबा, जग कुठं चाललंय. "चालू दे की," ते म्हणायचे, "म्या कुठं अडवलंय." ती भाकर आई बांधून द्यायची. आता बांधणारी राहिली नव्हती.

पहिल्या दिवशी ताट वाढलं तर म्हणाले, "आज सोमवार हाय." दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, देवीचा. मग चतुर्थी निघाली, मग गुरुवार. आठवड्याला वार सात आणि सातही दिवस उपास. साबुदाणा केला तर तोही माझ्याच घरचा. एकदा शाळेतून येताना बघितलं, कोपऱ्यावरच्या टपरीवर आबा उभे, पाच रुपयाचा बिस्किटाचा पुडा पाण्यात बुडवून खाताहेत. मला बघून त्यांनी पुडा खिशात घातला. गावी गेले तर उपाशी मरणार आणि इथं राहिले तर उपाशी राहणार, असा सगळा मामला. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. नुसता संताप आला, आणि तोही लवकर विझला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी खरवडत होते. तोंडानं भोरड्यांचा उद्धार चालू होता, त्यांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचले होते. आबा पायरीवर बसलेले. उठले, वडाखाली आले, टपावरचा सडा बोटानं उकरून बघितला आणि वर पाहिलं.

"ह्या भोरड्या हायत," ते म्हणाले.

"माहितीय मला, भोरड्या हायत."

"हिकडं बी आल्या का." घरी आणल्यापासून त्यांच्या आवाजात जीव मी पहिल्यांदा ऐकला. "ह्यांला चिंध्या-बिंध्यानं काय हुत न्हाई. राखण लागती."

लहानपणी मी ती राखण बघितलेली आहे. ज्वारी हुरड्यात आली की शेतात चार मेढी रोवून उंच माळा बांधायचा, आणि त्यावर उभं राहून दिवसभर पाखरं हाकायची. आबा हाळी द्यायचे. गोफण आई फिरवायची. नेम तिचा चांगला. मोठ्या जमीनदाराच्या शेतात राखणीला माणूस ठेवायचे, आणि त्याला दोन वेळची भाकर मालकाकडून.

मी फडकं बादलीत टाकलं. काही विचार करून बोलले असं नाही, तोंडातून निघालं. "मग ठेवायचा का राखणदार? पण आता राखण येते कुणाला?"

"कावून? मला येती की."

"राखणदाराला काय द्यावं लागतं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, वडाकडंच बघत राहिले. "दोन येळची भाकर. वर कोरड्यास, जे काय शिजलं आसंल ते. रीत हाय ती."

"ठरलं," मी म्हणाले.

"ठरलं," ते म्हणाले.

त्या दिवशी दिवस मावळताना आबा खुर्ची घेऊन वडाखाली बसले. थवा आला तसे उठले, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि अशी हाळी दिली की गल्लीतली दारं उघडली. थवा फुटला, गिरकी घेऊन पुढच्या चिंचेवर गेला. पुन्हा आला, पुन्हा हाळी. अंधार पडल्यावर ते आत आले, हातपाय धुतले, ताटाच्या जागेवर येऊन बसले आणि म्हणाले, "राखण झाली. वाढ."

मी वाढलं. दोन भाकरी आणि पातळ पिठलं. ते खाली मान घालून जेवले. आणखी वाढू का विचारलं तर हात आडवा धरला. राखणदाराला एका वेळेला दोनच भाकरी. कधी काही मागितलं नाही, मीठ कमी असलं तरी बोलले नाहीत. मजुरी म्हणून आलेल्या भाकरीला नावं ठेवत नसतात.

मग ते रोजचं झालं. पहाटे थवा उठायच्या आधी आबा बाहेर, संध्याकाळी थवा यायच्या आधी बाहेर. सकाळी "राखण झाली, वाढ," रात्री "राखण झाली, वाढ." गाडी निम्मी तरी स्वच्छ राहायला लागली. आबांच्या गालावर जरा मांस आलं. आमचे हे म्हणाले, "तुझं डोकं चाललं बघ." आबा जेवायला लागले म्हणून आनंद व्हायला पाहिजे, एवढं कळत होतं. पण कळणं आणि होणं यांच्यामध्ये भिंत होती आणि मी ती पाडायच्या भानगडीत पडत नव्हते.

हाळीनं घसा बसला तेव्हा आबांनी सुतळीची गोफण वळली. मी शाळेत होते म्हणून, नाहीतर तिथंच अडवलं असतं. शेतात गोफणीचा खडा सुटला की ज्वारीत जाऊन पडतो, त्याचं कुणाला काय. इथं पहिल्याच संध्याकाळी खडा वडाच्या फांदीला लागून उलटा आला आणि गाडीचा मागचा दिवा फुटला. आवाज ऐकून मी बाहेर आले तर आबा फुटलेली लाल काच हातात घेऊन उभे.

मी लई बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण पायरीवर बसलेलं मांजर उठून गेलं. आबांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "तुझी आई आसती तर नेम चुकला नसता." आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव काढलं ते तेव्हाच. रात्री जेवायला आले नाहीत. बोलवायला गेले तर म्हणाले, "आजचा खाडा धर." ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी खाडा, आणि खाड्याच्या दिवशी भाकर नाही. मी ताट झाकून ठेवलं, सकाळी ते कुत्र्याला घातलं.

गोफण गेली, तेलाचा रिकामा डबा आला. डबा आणि काठी. भोरड्या त्याला भ्यायच्या आणि शेजारच्या काकूही. काकूंना अर्धशिशी. एका संध्याकाळी त्या डोक्याला फडकं बांधून दारात आल्या. "तुमच्या गाडीपायी आम्ही काय गाव सोडावं का?"

"गाव कशाला, खिडकी लावून घ्या," मी म्हणाले.

"वडीलधारं माणूस उन्हातान्हात, थंडीवाऱ्यात बसवलंय गाडी राखायला. लोकं काय म्हणतेत ते तरी ऐका."

हे मला लागायला पाहिजे होतं. लागलं नाही, पण उत्तर मात्र मी असं दिलं की त्या दिवसापासून आमच्या दोन घरांतली वाटी बंद झाली. आधी काही केलं की इकडून तिकडं जायचं. आता दोन्हीकडून दारं लागली. शिमगा तोंडावर आला होता. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास.

आमचे हे गरीब स्वभावाचे. त्यांना भांडण सोसत नाही. काकूंचं बोलणं त्यांच्या मनाला लागलं, विशेषतः म्हातारं माणूस राखणीला बसवल्याचं. मला न विचारता त्यांनी ऑनलाइन गाडीचं कव्हर मागवलं. रविवारी सकाळी ते आलं. चांगलं जाड, करड्या रंगाचं, खालून इलॅस्टिक. ह्यांनी हौसेनं चढवलं आणि आबांना म्हणाले, "बघा आबा, आता तुम्ही निवांत. बसा टीव्ही बघत."

आबांनी कव्हरावरून हात फिरवला. कोपरा ओढून बघितला. "पक्कं हाय," म्हणाले. "पाणी बी जात नसंल."

"थेंब नाही जात," हे म्हणाले.

संध्याकाळी भोरड्या आल्या. आबा खुर्चीवर बसले होते, डबा खाली ठेवलेला. थवा वडात शिरला, कलकलाट झाला, कव्हरवर टपटप पडत राहिलं. आबा बघत बसले. रात्री मी हाक मारली तर म्हणाले, "भूक न्हाई." सकाळी म्हणाले, "उपास हाय." कुठल्या देवाचा ते विचारलं नाही. मला समजायला तेवढा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा शाळेची वेळ झाली होती. ह्यांना म्हटलं, आबांवर लक्ष ठेवा, मी आल्यावर बघते. कव्हर काढून मागच्या सीटवर कोंबलं आणि गेले.

दुपारच्या सुट्टीत ह्यांचा फोन. "आबा घरात नाहीत. पिशवी पण नाही."

मी घाट चढून सरळ एसटी स्टँडवर आले. आबा शेवटच्या बाकावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, डोक्याला टोपी नीट घातलेली. आमच्या गावाची गाडी लागायची होती. मी जाऊन शेजारी बसले.

"कुठं चाललात?"

"मपल्या घरी."

"तिथं कोण आहे?"

"कुणी न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "म्हणूनच. तिथं कुणाचं खावं लागत न्हाई."

"तिथं खायलाच मिळत नाही आबा. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलंय मी."

"सांगितलंस की."

त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून निघाले होते, कुणाचं ओझं न ठेवता, टोपी नीट घालून. मी त्यांच्याकडं बघत होते आणि आतून काही हलत नव्हतं. तेव्हा मला माझीच भीती वाटली. हे माणूस इथून गेलं तर संपलं, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं, आणि डोळे कोरडे. रडून अडवता येत नव्हतं. पाया पडून अडवायचा माझा स्वभाव नाही. राग तेवढा होता, म्हणून तो काढला.

"असा राखणदार मी जन्मात बघितला नाही," मी म्हणाले. "हंगाम उभा आहे, पाखरं झाडावर आहेत, आणि हे माळा सोडून निघाले."

बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. आबांचा चेहरा बदलला. "कोण माळा सोडतंय? तुमी कव्हर घातलं की."

"ते बसत नाही. माप चुकलंय. परत द्यायचंय." स्टँडबाहेर गाडी उभी होती, मी बोट दाखवलं. "बघा, उघडीच आहे. सकाळी पुसायला वेळ मिळाला नाही, तशीच शाळेत नेली. पोरं हसली." सगळंच खोटं होतं. पोरांची तर हिंमतच नाही.

आबांनी लांबून गाडी बघितली. त्या दुपारीही कुठल्यातरी कावळ्यानं माझ्यावर उपकार केले होते. काचेवर मोठा पांढरा ओघळ होता. आबा तो बघत राहिले. गावाची एसटी आली, लागली, माणसं चढली. कंडक्टरनं "चला म्हातारबा" म्हणून हाक दिली. एसटी गेली. आबा उठले आणि माझ्या गाडीकडं चालायला लागले. मी मागून पिशवी घेतली.

कव्हर पोटमाळ्यावर गेलं. हे माझ्याशी एक दिवस बोलले नाहीत, मग त्यांनाही कळलं. आबांनी डबा आपण होऊन सोडला; म्हणाले, शेजारणीचं डोकं दुखतंय. आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून वेळूच्या टोकाला बांधली आणि ती हवेत फिरवत बसायचे. भोरड्या थोड्या कमी भ्यायच्या, पण राखण ती राखण. "राखण झाली. वाढ." दोन भाकरी, आडवा हात.

मग ऊन चढायला लागलं. शाळा सकाळची झाली. शिवारातली ज्वारी काढून झाली होती. एका संध्याकाळी आबा वर बघत म्हणाले, "आता जातील."

"कुठं?"

"त्येंच्या मुलखाला. पाडवा झाला की भोरडी ऱ्हात न्हाई."

मला हे माहीत होतं, दरवर्षी त्या जातात तेव्हा मी देवाला उदबत्ती लावते. ह्या वर्षी मी रोज संध्याकाळी दारात उभी राहून थवा येतो का ते बघायला लागले. ज्या पाखरांच्या सात पिढ्या काढल्या त्यांची वाट बघत होते. पाडव्याला गुढी उभी केली तेव्हा थवा लहान झालेला होता. मग एका संध्याकाळी आभाळ मोकळंच राहिलं. आबा वेळू घेऊन अंधार पडेपर्यंत बसले. आत आले, "राखण झाली," म्हणाले, पण आवाज पडलेला. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, खुंटीवरची पिशवी खाली काढून त्यांनी धुवायला टाकली होती. हंगाम संपला की राखणदार जातो. रीत आहे ती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी उठले. डब्यातली ओंजळभर ज्वारी घेतली, बाहेर गेले आणि गाडीच्या बॉनेटवर, टपावर पसरली. आपल्याच पांढऱ्या गाडीवर पाखरांना दाणे टाकणारी बाई मी एकटीच असेन. ते कुणी बघितलं असतं तर मला सरळ येरवड्याला धाडलं असतं. उजाडायला चिमण्या आल्या, दोन होले आले, मग साळुंक्या, आणि त्यांच्या भांडणात जे व्हायचं ते गाडीवर झालं. आबा बाहेर आले. थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग वेळू उचलला.

असं कितीतरी दिवस चाललं. मी टाकायचे, ते हाकायचे. पिशवी वाळली, घडी होऊन परत खुंटीवर गेली.

एक दिवस वेळूचा आवाज येईना. मी तवा तसाच ठेवून खिडकीशी गेले. आबा गाडीवर वाकले होते आणि एक एक दाणा वेचून टोपीत टाकत होते. मी वळले तर तव्याला बोट लागलं आणि हात झटकन मागं आला. किती महिन्यांनी तो वेळेवर मागं आला होता.

ते आत आले. टोपी डब्यात उपडी केली, डब्याचं झाकण लावलं.

"ज्वारी काय फुकट येती का गं?"

मी विचारलं, "कधीपासून माहितीय?"

"पयल्या दिसापासून. होले कधी आपून होऊन गाडीवर चरायला येत्यात व्हय?" त्यांनी तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले. "तू टाकायलीस, मी हाकायलोय. दोघं बी येडेच."

आता पिशवी घेतील, मला वाटलं. काय बोलून अडवायचं ते ठरवत होते. रागसुद्धा येत नव्हता. आबा ताटाच्या जागेवर येऊन बसले. मी भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, आणि थांबले. ते आता म्हणतील, "राखण झाली." राखण तर झालीच नव्हती, दाणे वेचून त्यांनीच बंद केली होती. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. दुसरा मोडला. मग ताटाच्या कडेला बघून म्हणाले, "लोणचं न्हाई का गं?"

घरात लोणचं नव्हतं. बरणी पौषातच संपली होती आणि लोणच्याच्या कैऱ्या अजून यायच्या होत्या. मी वाटी उचलली आणि काकूंच्या दारात गेले. शिमग्याच्या आधीपासून तोंड बंद, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ. काकूंनी दार उघडलं आणि माझ्याकडं, मग वाटीकडं बघितलं.

"लोणचं पाहिजे होतं थोडं," मी म्हणाले. "आबांनी मागितलंय."

एवढंच बोलले आणि मला रडू फुटलं. दहाव्याला फुटलं नव्हतं ते काकूंच्या उंबऱ्यावर फुटलं, वाटी हातात तशीच. काकूंनी माझा दंड धरला. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं.

"काय झालं आबांना?"

"काही नाही," मी म्हणाले. "जेवायलेत. घरात बसून जेवायलेत."